मग ओरडलं कोण?

पडद्यावरचा गोलरक्षक चेंडूकडे झेपावणार, नेमक्या त्याच क्षणी सभागृहाचा दरवाजा उघडला आणि उत्तरेकडच्या त्या थंडगार बंदरातल्या मैदानावर संगमनेरचा दुपारचा उजेड पसरला. चित्र पुसले गेले. त्याच्या जागी एका स्त्रीची सावली उभी राहिली. गळ्यात शिट्टी, खांद्यावरून पुढे आलेली ओली वेणी, आणि पाठीमागून डोकावणारी मुलींची बरीचशी डोकी.

“दरवाजा लावून घ्या,” हेमचंद्र ठोसर म्हणाला.

“आत येऊन लावू, की बाहेर राहून?” सावलीने विचारले.

हेमचंद्र त्या विद्यालयात मराठी शिकवत असे. वाद घालण्यात तो तालुक्यात कोणाला हार जाणारा नव्हता. सख्ख्या मावसभावाच्या लग्नपत्रिकेतले दोष त्याने मांडवात दाखवून दिले होते, हे नातेवाईक अजून विसरले नव्हते. तरीही या साध्या प्रश्नाचे उत्तर त्याला तत्काळ सुचले नाही. परतीच्या पावसाने मैदानाचा चिखल केला होता, आणि नव्याने रुजू झालेली क्रीडाशिक्षिका अंबिका भांगरे आपला खो-खोचा संघ घेऊन सरावासाठी सभागृहात आली होती. मुख्याध्यापकांनी सभागृह आपल्याला दिले आहे, असे तिचे म्हणणे. आपल्याला त्यांनी ते लेखी दिले आहे, असे त्याचे. आपली परवानगी तोंडी असली तरी ताजी आहे, असे तिने शांतपणे सांगितले. लेखी आज्ञा श्रेष्ठ की ताजी आज्ञा श्रेष्ठ, या प्रश्नाने तो क्षणभर खरोखरच अडला, आणि तेवढ्या अवधीत मुली चपला बाहेर काढून सतरंजीवर बसल्यादेखील.

चित्रपट परदेशी होता. आफ्रिकेतून येऊन बंदरावर हमाली करणाऱ्या एका माणसाचा मुलगा गावाच्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक होतो. इतर खेळाडू मैदानभर पळतात. गोलरक्षकाला मात्र प्रेक्षकांकडे पाठ करून एका जागी उभे राहावे लागते. त्या पाठीवर सामनाभर माकडांचे आवाज पडत राहतात, केळ्यांच्या साली पडत राहतात. शेवटचा चेंडू अडवल्यावर तो मागे वळतो आणि गर्दीकडे नुसता पाहत राहतो. तेथेच चित्रपट संपत होता.

दर शनिवारी चित्रपट दाखवून मुलांना बोलते करण्याची हेमचंद्रची स्वतःची एक रीत होती. “आवडला” किंवा “नाही आवडला” एवढे कोणी म्हणायचे नाही. आपण कोणाच्या जागी बसून तो पाहिला, ते सांगायचे. त्याने विचारले. झाडून साऱ्यांनी गोलरक्षकासाठी हात वर केले. कित्येकांचे डोळे ओले होते. आपल्या विद्यार्थ्यांची ही सहृदयता पाहून त्याचा ऊर भरून आला, आणि वर्णद्वेषावर चार शब्द बोलण्यासाठी तो उभा राहणार, तोच मागच्या रांगेतून आवाज आला.

“सर, एक शंका. सगळेच गोलरक्षक झाले. मग ओरडलं कोण?”

सभागृहात कोणी हसले नाही. अंबिका वेणीचे टोक पिळत उत्तराची वाट पाहत होती, आणि तिच्या मुद्रेवर विजयाचा लवलेशही नव्हता; तिला खरोखरच उत्तर हवे होते. हे वाक्य आपल्याला सुचायला हवे होते, असे हेमचंद्रला दुसऱ्या कोणाचे वाक्य ऐकून आजवर कधी वाटले नव्हते. त्याच्यासारख्या माणसाच्या बाबतीत प्रेमाची पहिली खूण हीच असणार. परंतु ते कळायला त्याला फार उशीर लागला.

त्यानंतर उपाहारगृहातले एक टेबल त्या दोघांचे झाले. चहा तिचा, मुद्दे त्याचे, असा साधारण क्रम असे. वर्णद्वेष हा शब्द काटेकोरपणे वापरायला हवा. आपल्याकडे जे आहे त्याची घडण निराळी, इतिहास निराळा, म्हणून नावही निराळे हवे, असे तो बजावून सांगे. ती ऐकून घेई. बशीत सांडलेला चहा कपात परत ओतताना एकदा तिने एवढेच विचारले, “व्याख्या ठरेपर्यंत त्या खेळाडूनं मैदानात उभं कुठं राहायचं, सर?”

“आपल्या मैदानावर असं काही चालतं का?” त्याने विचारले.

खिडकीबाहेर पाहत ती म्हणाली की, पाऊस उघडला, आता सराव घेता येईल... आणि चहा अर्धा टाकून ती उठली. तो उरलेला अर्धा कप त्याने बराच वेळ न्याहाळला. कपाच्या कडेवर तिच्या बोटाचा चिखल लागला होता. पोऱ्या कप उचलायला आला तेव्हा हेमचंद्रने, अजून चहा संपायचा आहे, असे त्याला सांगितले. एवढे धडधडीत असत्य तो आयुष्यात प्रथमच बोलला होता.

तिचाही एक चित्रपट होता. सरावाचे सामने ती मोबाईलवर चित्रित करी आणि संध्याकाळी मुलींना दाखवी. वळताना टाच कुठे पडली, खांबाजवळ कोण घुटमळली, ते सारे त्यात दिसे. आवाज मात्र नेहमी बंद. पाय पाहायचे असतात, कान कशाला हवेत, असे ती म्हणे. हेमचंद्रला हे मान्य नव्हते. ध्वनीवाचून चित्र म्हणजे क्रियापदावाचून वाक्य, असा त्याचा सिद्धान्त. जिल्ह्याच्या सामन्यांना थोडेच दिवस उरले असताना त्याने मोठ्या प्रेमाने एक बेत केला: शनिवारी तिचेच चित्रण मोठ्या पडद्यावर, साऱ्या वर्गासमोर दाखवायचे. तिने होकार दिला, मुली हरखल्या. तारा त्याने स्वतः जोडल्या, आणि त्या माणसाच्या हातून कोणतेही काम अर्धवट होत नसल्यामुळे ध्वनिवर्धकही जोडला.

पडद्यावर चांगुणा धावत होती. चांगुणा मेंगाळ ही संघातली सर्वांत वेगवान मुलगी. राजूरच्या पलीकडच्या डोंगरातली, वसतिगृहात राहणारी. ती वाऱ्यासारखी वळली, आणि सभागृहभर आवाज घुमला — “पळ काळे, पळ!” त्यामागे हशा. मग दुसरा आवाज, “डांगी सुटली, दोर आणा!” आणि पुन्हा हशा. डांगी म्हणजे शेजारच्या अकोले तालुक्यातल्या डोंगरातली गुरे. तिकडच्या माणसांनाही कोणी हिणवून तसे म्हणत. आवाज परके नव्हते. काही मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मुलांचे होते. एक तर संघाची कर्णधार संस्कृती हिचाच होता. ज्यांनी गोलरक्षकासाठी डोळे पुसले होते, ती सारी मुले आता सतरंजीची सुते उपसत होती.

अंबिका मोबाईलकडे धावली. पण त्याआधीच हेमचंद्र बोलला, आणि ज्या चुकीसाठी चांगला शिक्षकच असावा लागतो, ती चूक त्याने केली. अतिशय मायेने, अत्यंत शुद्ध हेतूने तो म्हणाला, “चांगुणा, बाळ, उभी राहा. हे ऐकताना तुला काय वाटतं, ते सगळ्यांना सांग.”

चांगुणा उभी राहिली. साऱ्या माना तिच्याकडे वळल्या. ती आपल्या पायांच्या बोटांकडे पाहत राहिली. मग बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहातली तिची खाट रिकामी होती. पहिल्याच गाडीने ती घरी गेली होती, आणि आता खेळायचे नाही, असे मैत्रिणीजवळ सांगून गेली होती.

अंबिकाने त्याला मैदानाच्या कडेला गाठले. तो कारणे सांगू लागला: हेतू, संदर्भ, मुलांवर झालेला परिणाम... ती शेवटपर्यंत थांबली.

“तुम्ही तिला फळ्यावर लिहिलंत, सर,” ती म्हणाली. “धडा समजावा म्हणून.”

मग, त्याच्याकडे न पाहता, ती आणखी एक गोष्ट बोलली. आवाज बंद ठेवत होते ती मीच. त्यात काय आहे, ते मला ठाऊक होते. मी खेळत होते तेव्हा मलाही हेच शब्द होते. मी कान बंद करायला शिकले आणि राज्यापर्यंत गेले. ऐकू न येणे हेच खेळातले कसब, असे समजून चांगुणालाही तेच शिकवत आले... तिच्याविरुद्ध मांडण्याजोगा एक उत्तम मुद्दा हेमचंद्रच्या हाती आयता आला होता. त्याने तो मांडला नाही.

“राजूरला गाडी कधी आहे?” त्याने विचारले.

त्याच रविवारी एसटीत दोघांना एकाच बाकावर जागा मिळाली. अकोल्यापुढे वळणे सुरू झाली, आणि प्रत्येक वळणावर खांद्याला खांदा लागू नये म्हणून हेमचंद्र पुढच्या बाकाची दांडी धरून असा ताठ बसला की अंबिकाला हसू आवरेना. खिडकीबाहेर भाताची खाचरे पिकत आली होती, उतारांवर खुरासणी पिवळीजर्द फुलली होती. माफीचे भाषण तयार आहे का, असे तिने विचारले. तीन परिच्छेद आहेत, तो म्हणाला. मधला गाळा, तिने सुचवले. मधल्याशिवाय पहिल्याचा तिसऱ्याशी संबंध लागत नाही, असे तो समजावू लागला आणि गाडी वळली. दांडीवरचा हात सुटला. खांदा लागला. नंतर बराच वेळ सरळ रस्ता असूनही तो कोणीच मागे घेतला नाही.

राजूरच्या बाजारात, गर्दीत चांगुणा आईशेजारी बसून काकड्या विकत होती. आई, गोजरबाई, दोघांना पाहून उठली नाही, काकड्यांवर पाणी शिंपडत म्हणाली, “बसा. पोरगी येनार न्हाई म्हनती. मला कारन सांगंना. तुमी सांगा.”

अंबिकाने सारे सांगितले. डांगी हा शब्द आला तेव्हा गोजरबाईने मान वर केली. “डांगी म्हंजी काय वाईट हाय व्हय? इथल्या पावसात दुसरं जनावर टिकून दाखवा की. आमी टिकलोत.”

“शब्दाचं न्हाई गं आई,” चांगुणा पुटपुटली. “हसत्यात, त्याचं.” मग तिने हेमचंद्रकडे पाहिले. त्या पाहण्यात राग कमी होता आणि नवल अधिक. “सर, तुमी मला उभं केलं, तवा समदी माझ्याकडं बघत हुती. वरडनाऱ्यांना का न्हाई उभं केलं?”

तीन परिच्छेद तयार होते. हेमचंद्र खाली, मातीत, काकड्यांच्या पाटीसमोर बसला.

“चुकलो,” तो म्हणाला. त्यापुढे त्याने काहीही जोडले नाही.

अंबिकाने त्याच्याकडे चमकून पाहिले. गोजरबाईने एक काकडी चिरून, मीठ लावून त्याच्या हातावर ठेवली, आणि मुलीला म्हणाली, “खेळायचं तुला हाय, का त्यांला?” चांगुणाने बराच विचार केला. येते, ती म्हणाली, पण मला काय वाटतं ते कोनी इचारायचं न्हाई. मला वाटलं तर मीच सांगीन.

पुढच्या शनिवारी पडद्यावर पुन्हा तोच गोलरक्षक उभा होता. या वेळी हेमचंद्रने एकच प्रश्न विचारला: गर्दीत कोण होते? आणि विचारून झाल्यावर पहिला हात त्याने स्वतःचा वर केला. शिक्षकाचा हात वर गेलेला मुलांनी कधी पाहिला नव्हता. संस्कृती कितीतरी वेळ बसून होती. आम्ही ते लाडाने म्हणत होतो, असे ती आठवडाभर सर्वांना सांगत आली होती; आता तिने ते सांगितले नाही. तिचा हात वर गेला. मग एकेक करून आणखी पुष्कळ हात वर गेले. मागच्या रांगेत चांगुणा कोणाकडेही न पाहता बुटाची नाडी बांधत होती, आणि तिच्याशेजारी अंबिका त्या हातांकडे अशा अभिमानाने पाहत होती की हेमचंद्रला आपल्या पुढच्या वाक्याचा विसर पडला.

जिल्ह्याचा अंतिम सामना नगरला होता. फलकावर अहिल्यानगर, बोलण्यात नगर. सामना अटीतटीचा झाला. अखेरचा डाव, पाठलाग संगमनेरचा, बरोबरीला एक गडी हवा. मधल्या पाटीवर आठ मुली आपापल्या चौकोनांत बसलेल्या, नववी चांगुणा धावणारी. खो मिळाल्यावाचून बसलेल्या खेळाडूने उठणे हा फाऊल, हा या खेळाचा पहिला धडा, आणि तो अंबिकाने मुलींच्या हाडांत मुरवला होता.

कडेच्या गर्दीतून कोणीतरी माकडाचा आवाज काढला. त्याला दुसरा जाऊन मिळाला, मग सारा कोपराच. चांगुणाने मान वळवली नाही. ती समोरच्या मुलीवर झेपावली...

आणि संस्कृती उठली. खो नसताना, पाठ सरळ करून, गर्दीकडे तोंड वळवून ती उभी राहिली. तिच्या पाठोपाठ दुसरी, तिसरी... आठही जणी उठल्या. त्या नुसत्या पाहत राहिल्या. पंचांची शिट्टी वाजली. गर्दीचा तो कोपरा विझल्यासारखा गप्प झाला. पंचांनी प्रेक्षकांना कडक शब्दांत समज दिली, आणि मग, नियमाप्रमाणे, फाऊलही दिला. त्याच क्षणी चांगुणाने धरलेली खेळाडू त्यामुळे बाद ठरली नाही. उरलेला वेळ संपला. सामना एका गुणाने गेला.

“कुनी उठायला सांगितलं हुतं?” चांगुणा मैदानाबाहेर येताच कडाडली. “मी धरली हुती तिला! धरली हुती!”

“दिसलं,” संस्कृती म्हणाली. “पुढच्या साली परत धर.”

“तुमी बसला तर धरीन ना!” असे म्हणून चांगुणाने तिच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला, आणि मग साऱ्याजणी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या मोठ्याने हसू लागल्या की जिंकलेला संघ वळून वळून त्यांच्याकडे पाहू लागला.

संयोजकांपैकी एक गृहस्थ अंबिकाजवळ आले. प्रसंग असाधारण होता. निर्णयाविरुद्ध दाद मागायची असेल तर मागता येईल, असे त्यांनी सुचवले. नको, ती म्हणाली. फाऊल बरोबर दिला आहे, आणि तो माझ्या मुलींनी कमावलेला आहे. हे सांगताना तिची मान अशी ताठ होती की त्या गृहस्थांनी नकळत नमस्कार केला.

मैदान रिकामे होत आले. चुन्याच्या पुसट रेघांवर उन्हे कलली होती. हेमचंद्र तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

“भांगरे मॅडम... मला तुम्हाला लग्नाचं विचारायचं आहे. आणि त्याला मी एकही कारण जोडणार नाही.”

अंबिकाने शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली. तिच्या गालावर वाळलेली चुन्याची एक रेघ होती, आणि ती रेघ आता हळूहळू वाकडी होऊ लागली होती.

“जोडा की एखादं,” ती म्हणाली. “तुमची कारणं ऐकायची मला सवय झालीय.”

त्याने विचार केला. घाईने दिलेले कारण त्याला कधीच पसंत नसे.

“त्या आठ जणी उठल्या, तेव्हा सगळे त्यांच्याकडे पाहत होते,” तो म्हणाला. “मी तुमच्याकडे पाहत होतो. गुण जाणार, हे मैदानावर सर्वांत आधी तुम्हाला कळलं. तुम्ही एकदा ‘बसा’ म्हणाला असतात, तर त्या बसल्या असत्या. तुम्ही हाताची घडी घातलीत... आणि हसलात.”

पलीकडे बसजवळ मुली त्यांच्या नावाने हाका मारत होत्या, आधी एकेकाच्या आणि मग, मुद्दाम, जोडीने. हेमचंद्रचे कान तांबडे झाले.

“एवढं कारण मला पुरेल,” अंबिका अखेर म्हणाली, आणि त्याचा हात हातात घेऊन बसकडे चालू लागली. “बाकीची माझ्या आईसाठी राखून ठेवा. ती माझ्यासारखी पहिल्याच कारणावर ऐकणारी नाही.”